'नोंद झाली' म्हणजे 'काम झाले' नव्हे

सैनिकी शाळेत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली जाते. हुकूम मिळाला की 'येस सर' म्हणायचे आणि काम पूर्ण झाले की परत येऊन रिपोर्ट द्यायचा. ही दोन वेगळी वाक्ये आहेत. माझे म्हणणे असे, की हाच नियम वेबसाइटलाही लावला पाहिजे.

हा विषय निघण्याचे कारण आमचा कॉम्प्युटर क्लब. सत्र संपल्यावर प्रत्येक कॅडेटचे प्रगतिपत्रक ई-मेलने घरी पाठवणारी वेबसाइट आम्ही बनवत आहोत. काहींचे मत आहे, की ऑफिसमधून एक बटण दाबायचे आणि सगळी पत्रे जाईपर्यंत थांबायचे. साधा हिशोब करू. ३०० कॅडेट आणि एका पत्राला २ सेकंद धरले, तरी ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे लागतात. एन्जिनएक्स हा सर्रास वापरला जाणारा सर्व्हर, सेटिंग बदलले नसेल, तर मागच्या प्रोग्रामकडून काहीच उत्तर न आल्यास ६० सेकंदांत वाट पाहणे सोडतो. पडद्यावर एरर येतो. किती पत्रे गेली ते कळत नाही, म्हणून बटण पुन्हा दाबले जाते. मग काही घरी दोन पत्रे जातात आणि काही घरी एकही नाही.

यावरचा उपाय म्हणजे मेसेज क्यू, अर्थात कामांची रांग. कोणत्याही सरकारी ऑफिसातले आवक-जावक टेबल आठवा. तिथला कारकून अर्ज घेतो, नोंदवहीत चढवतो आणि लगेच पोच देतो. अर्जावरचे काम आत दुसरे कोणीतरी करते. वेबसाइटही तसेच करते. ३०० कामे रांगेत टाकते आणि मोकळी होते. मागे 'वर्कर' नावाचा वेगळा प्रोग्राम एकेक काम उचलून पुरे करतो. रॅबिटएमक्यू हे अशा रांगा सांभाळणारे सॉफ्टवेअर २००७ पासून वापरात आहे आणि ते फुकट मिळते.

मी रांगेच्या बाजूचा आहे, पण तीन अटींवर.

पहिली अट शब्दांची. रांगेत टाकल्यावर पडद्यावर 'पाठवले' असे येता कामा नये, 'नोंद झाली' असे यावे. वेबच्या नियमांतही हा फरक आहे. एचटीटीपीमध्ये २०० या आकड्याचा अर्थ विनंती यशस्वी झाली, तर २०२ चा अर्थ विनंती स्वीकारली, काम अजून पूर्ण झालेले नाही.

दुसरी अट पोचेची. वर्करने काम संपल्यावरच रांगेला पोच द्यावी. पायथॉनमधले सेलरी हे लोकप्रिय साधन, सेटिंग बदलले नाही तर, काम सुरू करण्याआधीच पोच देते. मध्येच वीज गेली तर ते काम हरवते. उशिरा पोच दिली तर उलटा धोका असतो. पत्र गेले पण पोच राहिली, तर तेच काम पुन्हा होते. म्हणून प्रत्येक कामाला क्रमांक द्यावा आणि वर्करने आधी नोंद तपासावी. तरीही क्वचित एखादे पत्र दोनदा जाईल. ते चालेल, पण एकही न जाणे चालणार नाही. फी कापण्याचे काम असते तर मात्र दोनदा होणे अजिबात चालले नसते.

तिसरी अट अडकलेल्या कामांची. ई-मेलचा पत्ताच चुकीचा असेल, तर वर्कर कितीही वेळा प्रयत्न करो, उपयोग नाही. अशी कामे 'डेड लेटर क्यू' या वेगळ्या रांगेत ठेवतात. हे नाव टपालातून आले आहे. आपल्या टपाल खात्यातही पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी रिटर्न्ड लेटर ऑफिस असते. ही रांग रोज बघण्याची ड्युटी कोणाच्या तरी नावावर हवी.

काही सिनियर्स म्हणतात, एवढ्याशा शाळेला इतका व्याप कशाला? 'पाठवले' वाचून लोकांना बरे वाटते. मला हे पटत नाही. गेल्या वर्षी माझ्या बाबांनी एका परीक्षेची फी ऑनलाइन भरली. पडद्यावर 'यशस्वी' आले. आठ दिवसांनी फोन केल्यावर कळले, की अर्ज पुढे गेलाच नव्हता. आपल्यातल्या कित्येकांचे वडील अशा पोस्टवर आहेत, जिथे रेंज दिवसातून थोडा वेळ मिळते. आपले घर शाळेपासून हजार-दीड हजार किलोमीटरवर. ऑफिसात येऊन विचारणे त्यांना शक्य नाही. पडद्यावरच्या एका शब्दावरच त्यांना विसंबावे लागते, आणि तो शब्द खरा असणे आपल्या हातात आहे.

म्हणून क्लबपुढे माझी सूचना अशी. ऑफिसच्या पडद्यावर तीन आकडे सतत दिसावेत : रांगेत, झाले, अडकले. परेड स्टेटमध्ये हजर, आजारी, रजेवर असे सगळे मिळून एकूण संख्या जुळावी लागते. तसेच या तिन्हींची बेरीज रोज संध्याकाळी ३०० आलीच पाहिजे, आणि 'अडकले'पुढे शून्य नसेल तर ड्युटीवरच्या कॅडेटने त्याच दिवशी सरांना रिपोर्ट द्यावा.