दम्याचे औषध आणि यकृताचा हिशेब



ढाणकीच्या बाजारपेठेतील एक स्नेही नुकतेच नांदेडहून सोनोग्राफी करून आले. अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा होता. व्यथित होऊन त्यांनी विचारले, “साहेब, मद्याला कधी स्पर्श नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही, मग हा विकार कसा? दम्याचे एक जुने औषध यावर चालते म्हणतात. मागवू काय?”

यकृतात ५ टक्क्यांहून अधिक मेद साठला की हा विकार मानला जातो. मद्य हे त्याचे एकमेव कारण नव्हे. मिठाई, तळलेले पदार्थ, वाढते वजन, मधुमेह आणि दिवसभर गादीवरची बैठक यांमुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही तो जडतो. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष झाले, तर काहींच्या बाबतीत यकृत कठीण होत जाते.

औषधाची वार्ता अगदीच निराधार नाही. ‘ॲम्लेक्सॅनॉक्स’ हे औषध जपानमध्ये दम्यासाठी वापरले जात असे. स्थूलपणात ऊर्जा जाळण्याची क्रिया मंदावणाऱ्या दोन विकरांना ते रोखते, असे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. २०१३ साली स्थूल उंदरांचे वजन व यकृतातील मेद त्याने घटल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. जुन्या औषधाची सुरक्षितता बरीचशी तपासलेली असते. त्यामुळे संशोधनाचा काळ व खर्च वाचतो. पुढे मधुमेहाच्या ४२ स्थूल रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ साली निष्कर्ष आले: लाभ झाला, परंतु सर्वांना नव्हे, काहींनाच.

बँकेत आम्ही कर्जाचा अर्ज आला म्हणून रक्कम वाटत नसू. तारण तपासत असू. एवढ्याशा चाचणीच्या तारणावर आपले यकृत गहाण ठेवू नये. त्या स्नेह्यांनाही मी हेच सांगितले: औषध मागवू नका, आधी यकृततज्ज्ञांना भेटा.

वजन ७ ते १० टक्के घटल्यास यकृतातील मेद व दाह कमी होतो, हे मात्र सिद्ध आहे. ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो उतरवावेत. त्यासाठी रोज चालावे आणि भुकेपेक्षा चार घास कमी खावेत. आपल्या तपांत ऊनोदरी आहेच. चौविहार आपण निष्ठेने पाळतो. पण सूर्यास्तापूर्वी घाईने पोटभर जेवलो, तर वेळेचा नियम पाळला जातो आणि ऊनोदरी राहून जाते.