सूनबाईला भाजी जात नाही

गेल्या आठवड्यात पाथर्डीकडच्या एका आक्कांचं पत्र आलं. सून पहिलटकरीण, पाचवा महिना लागलाय. मेथी म्हटली की नाक मुरडते, शेपूची फोडणी पडली की उठून ओसरीवर जाते. बटाटा तेवढा खाते. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६ भरलं. "आम्ही तिखट-भाकरी खाऊन चार लेकरं वाढवली, हिचे नखरे कुठवर सोसायचे?" असं आक्का विचारतात.

आक्का, रागावू नका, पण हे नखरे नव्हेत. दिवस गेले की बाईचं नाक तिखट होतं. कालपर्यंत आवडणारी भाजी आज पोटात ढवळून आणते. पुष्कळ जणींचं चौथ्या-पाचव्या महिन्यात निवळतं, काहींचं शेवटपर्यंत राहतं. शिवाय तुमची सून माहेरीही पालेभाजी खात नव्हती असं तुम्हीच लिहिलंय. मग आता सक्ती केली तर ती भाजीसोबत भाकरीही सोडील.

पण ८.६ हा आकडा सोडून देण्यासारखा नाही. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की अंगात रक्त कमी, आणि ७ च्या खाली गेलं की थेट दवाखाना. अशा बाईला बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी झेपत नाही. मूल दिवसांआधी होण्याची आणि कमी वजनाचं होण्याची भीती असते ती वेगळीच.

आता भाजीकडे येऊ. भाजी म्हणजे पालेभाजीच असं आपण धरून बसतो. पालेभाजीतून मिळतं काय? फॉलिक नावाचं जीवनसत्त्व, लोह, अ आणि क जीवनसत्त्व आणि चोथा. यातलं पुष्कळसं दुसऱ्या वाटेनं पोटात घालता येतं. मोड आलेली मटकी, मूग, हरभरा आणि मूठभर शेंगदाणे यांत फॉलिक आहे. अ जीवनसत्त्वासाठी गाजर आणि लाल भोपळा. भोपळ्याच्या घाऱ्या केल्या तर भाजी खाल्ल्याचं तिला कळणारही नाही. क जीवनसत्त्वासाठी लिंबू, आवळा आणि पेरू. आपल्या राहात्याच्या पेरूंचं नाव सगळीकडे आहे, मग ते नुसते बाजारालाच का जावेत? हुलग्याची शेंगोळी तर आपल्या नगरकडची खास. वर लिंबू पिळून वाढा. लिंबाच्या आंबटपणानं धान्य-कडधान्यातलं लोह अंगी चांगलं लागतं. बीट लाल म्हणून त्यानं रक्त वाढतं असं पुष्कळ जणी समजतात. बीट खायला हरकत नाही, पण त्यात लोह फारसं नसतं.

पालाही अगदी सोडू नका, फक्त त्याचं रूप पालटा. वास येतो तो बहुधा फोडणीचा आणि वाफेचा. सुनेला काही दिवस चुलीपुढून उठवा, फोडणी जावेनं किंवा नणंदेनं द्यावी. कोवळी मेथी बारीक चिरून थालीपिठात किंवा धपाट्यात मळा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरा करून ठेवा आणि चमचाभर आमटीत किंवा भाकरीच्या पिठात घाला. गरम ताटाचा वास नको वाटत असेल तर निवलेलं वाढा. दोन वेळा पोटभर जमत नसेल तर पाच वेळा थोडं थोडं द्या. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दोन घास कोरडी भाकरी किंवा फुटाणे खाल्ले की मळमळ कमी होते.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर जातं. कच्ची खायची असेल तर दोन-तीन पाण्यांनी धुवा. बांधावरचा चाकवत, घोळ, तांदुळजा आणताना शेजारच्या शेतात फवारणी झाली नाही ना, हे विचारूनच आणा. अॅल्युमिनियमच्या पातेल्याऐवजी लोखंडी कढई वापरली तर थोडं लोह अन्नात उतरतं. जेवणाबरोबरचा चहा मात्र बंद करा, लोह अंगी लागू न देण्यात त्याचा हात मोठा आहे. चहा तासाभरानं घ्यावा.

एवढं करूनही ८.६ चे ११ निव्वळ खाण्यानं होत नाहीत, हे स्पष्ट सांगते. लोह-फॉलिकची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त इतकं कमी असेल तर किती घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नये. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभरानं घ्यावी. दूध, चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊ नये. महिन्याभरात रक्त एक ग्रॅमनंही वाढलं नाही तर पुढे दाखवायला न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते. आणि सून माती किंवा पाटीवरची पेन्सिल खाताना दिसली तर ओरडू नका, डॉक्टरांना सांगा. रक्त कमी झाल्याची ती खूण असू शकते.

ज्यांच्या घरी नवी सून आली आहे त्यांनीही ऐकावं. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, तेव्हा बाईला दिवस गेल्याचं नीट ठाऊकही नसतं. म्हणून फॉलिकची गोळी आधीपासून सुरू करतात.

"जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं, बाळंतीण अडते" हा समज अजून गेलेला नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, काम सुरू केलं. गावच्याच बायांना, ज्यांतल्या कितीकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरनं सांगून जे घरात शिरत नाही ते शेजारणीनं सांगितलं की शिरतं. म्हणून म्हणते आक्का, आशाताईला घरी बोलवा आणि सुनेसमोरच तिच्याशी बोला.

परसात दोन वाफे करता आले तर फारच छान. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण वाल-घेवड्याचं आणि भाज्यांचं गावरान बी त्यांनी राखलं, वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाचा एक वेल कुंपणावर चढवायला जागा ती किती लागते? बाजरी पेरायची झाली तर 'धनशक्ती' वाणाची चौकशी करा. जादा लोह असलेला हा वाण आपल्या राज्यात २०१२ साली आला आहे.

आणि आक्का, एक विचारते. तुमच्या घरी सून जेवते कधी? सगळ्यांची पानं उठल्यावर, तळाशी उरलेल्या आमटीवर? तसं असेल तर उद्यापासून तिला तुमच्या शेजारी बसवा आणि तिच्या ताटात आधी वाढा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण कराल तेव्हा पुन्हा रक्त तपासलेलं असू द्या, आणि आकडा किती भरला ते मला पत्रानं कळवा.