ट्रॉली कोणाशी बोलणार?

ऑफिसात जेवताना पुन्हा तोच विषय: ड्रायव्हरलेस गाड्या. डिसेंबर २०२३ मध्ये गडकरी नागपुरात म्हणाले होते, ड्रायव्हरांचे रोजगार जातील म्हणून या गाड्या भारतात येऊ देणार नाही. आमची मंडळी त्यावर अजून हसतात. मी नाही हसत, पण माझी भीती वेगळी आहे.

या गाडीला लागतात ठळक पट्टे, कुंपण आणि शिस्तीची वाहतूक. म्हणजे समृद्धी महामार्ग! ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण सुरू, दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी. तिथे चालेलही. आता जुन्या मालेगाव-मेहकर रस्त्यावर, आमच्या केनवडला या. सोयाबीनच्या दिवसांत, रात्री. समोर भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. गाड्या एकमेकींशी रेडिओवर बोलणार म्हणे. ट्रॉली कोणाशी बोलणार? आणि बैलगाडी?

"अरे, रडार बघेल ना!" मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत, टेंपी गावी, उबरच्या चाचणी गाडीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. ती गेली. रडारला दिसली होती हो, पण सिस्टीम तिला कधी वाहन, कधी सायकल समजत बसली.

उद्या इथे असं झालं की दोष गाडीला कोणी देणार नाही. रस्ता 'साफ' करतील: कुंपण ओढा, ट्रॅक्टर हाकला. ज्याचं शेत रस्त्यापलीकडे, त्यानं घालावा वळसा. त्यापेक्षा आधी केनवडच्या रस्त्याला पट्टे मारा, प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा. चिकटवायला मी येतो, शनिवार-रविवार मोकळाच असतो.