मिलीचं दुखणं

मागच्या महिन्यात वन्सं अंबडहून आल्या होत्या. रात्री टीव्हीवर १९७५चा ‘मिली’ लागला. जया भादुरीची ती हसरी पोर, तो घुम्या अमिताभ, आणि शेवटी लग्न करून स्वित्झर्लंडला उपचारांसाठी निघणं! वन्सं डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “वहिनी, माझ्या कागदावरही हेच नाव आहे हो. पर्निशस ॲनिमिया.” घरी कुणाला बोलल्याही नव्हत्या.

मी म्हटलं, अहो, सिनेमा तो सिनेमा! १९२६ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी रोग्यांना भरपूर यकृत खाऊ घालून बरं केलं, १९४८ साली त्यातलं बी-१२ हाती लागलं. मिलीच्या कितीतरी आधी.

यात पोटातून बी-१२ अंगी लागत नाही. म्हणून नुसत्या दुधादह्यानं भागत नाही, बहुधा सुया घ्याव्या लागतात, त्याही जन्मभर. जीभ सोलवटणं, हातापायांना मुंग्या, सारखा थकवा. आपण त्याला उपासतापासाचा शीण म्हणतो आणि मनानंच गोळ्या घेतो. नुसत्या फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारलेलं दिसतं, नसा मात्र बिघडत जातात. तेव्हा आधी रक्त तपासा.

वन्संच्या सुया जालन्याला सुरू झाल्यात. मुंग्या अजून आहेत, पण जिना चढतात. ‘मिली’ मात्र पुन्हा लावायचा नाही म्हणतात.