जुन्या गाडीला टर्बो : लहानच बरा

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण डॉक्टरमंडळी बहुधा मधुमेह, रक्तदाब नाहीतर ताणतणाव यांवर लिहितो. यंदा प्रस्तुत लेखकाने वाट थोडी वाकडी केली आहे, त्याबद्दल संपादक मंडळाने क्षमा करावी.

निमित्त घडले निपाणीच्या एका तरुण सर्जन मित्राचे. त्यांनी हौसेने एक जुनी 'सॅन स्टॉर्म' विकत घेतली. बंगळूरच्या सॅन उद्योगाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलेली, फायबरच्या अंगाची ही दोन आसनी गाडी आता क्वचितच दृष्टीस पडते. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसी, शक्ती जेमतेम ६० अश्वशक्ती. रूप वाघाचे, परंतु तवंदी घाट चढताना मागून एखादी डिझेल जीप हॉर्न देत सहज पुढे निघून जाते. हे शल्य मनात धरून मित्राने विचारले, "सर, टर्बो बसवायचा आहे. मोठ्यातला मोठा कोणता घ्यावा?"

प्रश्नाची मांडणीच मला खटकली. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूवर एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, एवढेच टर्बोचे तत्त्व आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने त्याचे पेटंट १९०५ साली घेतले. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर. येथील हवा कोकणातल्या हवेपेक्षा काहीशी विरळ, त्यामुळे मुळात साठ असलेली शक्ती येथे आणखी चार-पाचने घटते. तेव्हा टर्बोचा मोह अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो मात्रेचा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. हे इंजिन सहा हजार फेऱ्यांवर मिनिटाला तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. वातावरणाच्या दाबात तीस-चाळीस टक्क्यांची भर घातली, तर हा आकडा चार हजारांच्या घरात जाईल. एवढी हवा पुरवायला अगदी लहान टर्बो पुरतो. मोठ्या टर्बोचे चाक जड असते. ते उशिरा जागे होते आणि जागे झाले की एकदम जोर लावते. चोर्ला घाटात, जुलैच्या पावसात, अर्ध्या वळणावर हा जोर अरुंद टायरांच्या पुढच्या चाकांवर आला म्हणजे काय होईल, हे मध्यरात्री महामार्गावरचे अपघातग्रस्त टेबलावर घेतलेल्या सर्जनला मी वेगळे सांगायला नको होते. तरीही सांगितले.

मित्राचा दुसरा बेत भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात उचलण्याचा होता. येथे मला ठाम विरोध करावा लागला. पेट्रोल इंजिनाचा उत्सर्जित वायू डिझेलपेक्षा बराच अधिक तापतो, पूर्ण भारावर नऊशे अंश सेल्सिअसच्याही वर जातो. डिझेलसाठी घडवलेल्या टर्बोचा धातू, विशेषतः आत हलत्या पात्या असतील तर, ही उष्णता फार काळ सोसत नाही. शिवाय या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळातच नऊपटींहून अधिक आहे. त्यावर आणखी दाब चढवला की इंधन अवेळी पेट घेते आणि पिस्टन फुटतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिलने 'जेटफायर' ही टर्बो गाडी काढली. तिचेही कॉम्प्रेशन चढे असल्याने पाणी व मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. औषध बरोबर पण रुग्ण गोळी घेत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी होतेच. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर किती महाग पडेल, हे निराळेच. म्हणून माझे मत असे की, परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी हाती आल्यावाचून टर्बोची गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. परवानगी न मिळाल्यास हौस बंदिस्त ट्रॅकवर भागवावी.

आणि खर्चाचा पहिला रुपया ब्रेकवर जावा. दुसरा रेडिएटर व तेलाच्या नळ्यांवर, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावरच तरतो. मॅनिफोल्डची चिंता नाही. ओतकामाची जाण असलेली माणसे उद्यमबागेत आजही आहेत. त्यानंतर उरलेल्या पैशात जो सर्वांत लहान, पेट्रोलसाठीच बनलेला टर्बो बसेल तो घ्यावा आणि वेस्टगेट कमी दाबावर बांधावा. साठाचे पंचाहत्तर झाले तरी पुष्कळ. मित्राच्या एका परिचिताने दीडशेचा आकडा सांगितला होता. तो आकडा कोणत्या क्लचवर टिकणार, हे मात्र सांगितले नव्हते.

मित्राने हे सारे ऐकून घेतले. थोडे रुसलेही. मग मी एवढेच म्हणालो, "डॉक्टर, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तुम्ही फिटनेस मागता ना? मग आधी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून घ्या."

गेल्या महिन्यात आम्ही दोघे गाडी घेऊन उद्यमबागेतल्या एका मेस्त्रींकडे गेलो. चारांपैकी तीन सिलिंडरचे मोजमाप बारा आले. तिसऱ्याचे आले नऊ. मेस्त्रींनी थोडे तेल सोडून पुन्हा मोजले, आकडा हलला नाही. म्हणजे दोष रिंगांत नव्हता, व्हॉल्व्ह गळत होता. सध्या हेड उतरवून ठेवले आहे आणि टर्बोचा विषय मित्राने स्वतःहून पुढच्या दिवाळीवर टाकला आहे.