पोर्तुगीज अभ्यासाचा अर्ज आणि मराठीची अनास्था

मराठी साहित्याभ्यासात एक समजूत फारशी तपासली न जाता रूढ झालेली आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या 'परकीय भाषा' असून त्यांचा संबंध नोकरीशी, पर्यटनाशी किंवा भाषांतराच्या व्यवसायाशी आहे. मराठीच्या अभ्यासकाने त्यांकडे वळणे म्हणजे आपले क्षेत्र सोडून जाणे होय, अशी ही समजूत आहे. बोर्खेस आणि मार्केझ यांची नावे मराठी समीक्षेत गेली काही दशके आदराने घेतली जातात, 'जादुई वास्तववादा'वर चर्चासत्रे होतात. परंतु हे सारे इंग्रजी अनुवादांच्या आधारे चालते आणि त्यात काही उणे आहे असे कोणास वाटत नाही. देशीवादाच्या सोयीस्कर वाचनाने या आळसाला तात्त्विक प्रतिष्ठाही मिळवून दिली. इंग्रजीखेरीज अन्य युरोपीय भाषा न शिकणे हे जणू स्वत्वाचे लक्षण ठरले. इंग्रजीचे मांडलिकत्व मात्र तसेच राहिले.

या समजुतीची किंमत कोण मोजतो हे शेवगावसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले म्हणजे स्पष्ट होते. तेथे मराठी घेऊन पदवी मिळवलेल्या आणि पुण्यात स्पॅनिशचे किंवा गोव्यात पोर्तुगीजचे वर्ग केलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने परदेशातील 'स्पॅनिश व पोर्तुगीज' विभागाकडे विद्यावेतनासह पीएच.डी.साठी अर्ज करावयाचे ठरवले, तर त्यास हेतुनिवेदन, लेखनाचा नमुना आणि सामान्यतः तीन शिफारसपत्रे द्यावी लागतात. अमेरिकेतील अशा विभागांत निवड झालेल्यास बहुधा शिक्षणशुल्क माफ होते आणि निर्वाहापुरते वेतन मिळते. त्या बदल्यात त्याने पदवीपूर्व विद्यार्थ्यांना भाषा शिकवावी अशी अपेक्षा असते. म्हणजे निवड समिती संशोधकाबरोबरच एक भाषाशिक्षकही निवडत असते. या दुसऱ्या कसोटीवर माद्रिद, बोगोटा किंवा साओ पाउलो येथून आलेल्या अर्जदारांपुढे शेवगावच्या अर्जदाराचा टिकाव लागणे कठीण आहे. हे वास्तव लपवून त्यास उत्तेजन देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु पहिल्या कसोटीवर, म्हणजे संशोधनाच्या प्रश्नावर, त्याच्याजवळ काय आहे, हे त्यास त्याच्या मराठी विभागाने कधी सांगितले आहे काय? हेतुनिवेदन लिहिताना असा विद्यार्थी सेर्वांतेस किंवा पेसोआ यांच्याविषयी इंग्रजीतून वाचलेले काही परिच्छेद मांडतो आणि 'इतर भाषा' या रकान्यात शेवटी 'मराठी' असे लिहून मोकळा होतो. जे त्याचे मुख्य भांडवल, ते अर्जाच्या तळाशी जाते. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. ज्या शिक्षणाने त्यास घडवले, त्यानेच मराठीला या क्षेत्रात बोलण्यासारखे काही नाही असे त्याच्या मनावर बिंबवलेले असते.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. १७७८ साली रोम येथे 'ग्रामातिका मारास्ता' हे मराठीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत छापले गेले. विल्यम कॅरीच्या १८०५ मधील व्याकरणापूर्वीचे हे मुद्रित व्याकरण. त्याच्या शीर्षकातच आपली मराठी कोणती ते सांगितले आहे : निझामशाह आणि आदिलशाह यांच्या राज्यांत चालणारी अगदी सामान्य मराठी. निझामशाहीची राजधानी अहमदनगर. शेवगाव हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे त्याच राज्याच्या मुलखातील गाव. निझामशाही १६३६ साली संपली. तरीही १४२ वर्षांनंतर रोममध्ये छापलेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ती जिवंत आहे. हा मजकूर कोणा जुन्या हस्तलिखितावरून आला, की मिशनऱ्यांच्या परिभाषेत ते नाव केवळ सवयीने टिकून राहिले? त्यातील रूपे खरोखर देशावरची आहेत, की साष्टी-वसईच्या किनारपट्टीची? या प्रश्नाचे उत्तर केवळ पोर्तुगीज जाणणारा देऊ शकणार नाही आणि केवळ प्रमाण मराठी जाणणाराही देऊ शकणार नाही. ज्याच्या कानात नगरी बोली आहे आणि ज्यास पोर्तुगीज व्याकरणकारांची रोमन लेखनपद्धती, 'श'साठी 'एक्स' लिहिण्याची त्यांची रीत, वाचता येते, त्याचेच ते काम आहे. हा संपूर्ण प्रबंधाचा विषय आहे आणि तो शेवगावच्या दारात पडून आहे.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवीबद्ध मराठीतील या ग्रंथास गद्य प्रस्तावना आहे तीही मराठीतच. मराठीचा विद्यार्थी ते देवनागरीत वाचतो आणि लिप्यंतरात काय निसटले याचा विचार करीत नाही. पोर्तुगीजचा विद्यार्थी त्यास मिशनरी वाङ्मयाच्या यादीतील एक नोंद मानतो. ही ओवी राशोलला कोणत्या वाटेने पोहोचली? शेवगावच्या एका बाजूस ज्ञानेश्वरीचे नेवासे आणि दुसऱ्या बाजूस एकनाथांचे पैठण आहे. गोदाकाठच्या पुराणकथनाची शैली सव्वातीनशे वर्षांत एका इंग्रज जेझुइटाच्या लेखणीपर्यंत कशी आली, हा प्रश्न मराठी वाङ्मयेतिहासाचा आहे तितकाच पोर्तुगीज साम्राज्याच्या सांस्कृतिक इतिहासाचाही आहे. 'लुसोफोन' जगाचा नकाशा लिस्बन, ब्राझील आणि आफ्रिका एवढ्यावरच काढणाऱ्या विभागांना हे ऐकवणारा अर्जदार हवा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. हे वाङ्मय धर्मांतराच्या राजकारणातून जन्मले; त्याचा गौरव का करावा? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या सत्तेच्या छायेत १६१६ साली मराठी पुराण छापले गेले, त्याच सत्तेने १६८४ साली स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे असा हुकूम काढला. या दोन घटना एकाच कथेतील आहेत आणि ती कथा सांगण्यासाठी हुकमाची भाषा व ओवीची भाषा या दोन्ही यावयास हव्यात. निंदा करावयाची असली तरी वाचावे लागते. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाचा आणि धर्मसमीक्षणसंस्थेचा इतिहास लिहिला तो मूळ साधने वाचूनच. पांडुरंग पिसुर्लेकरांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठानेच प्रसिद्ध केला. शेवगावचे महाविद्यालय त्याच विद्यापीठाशी संलग्न आहे. पिसुर्लेकरांचे नाव त्या विद्यापीठाच्या किती मराठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कानावर पडते, हे विचारावयास हरकत नाही.

अनास्था केवळ विद्यापीठांची असती तर ती उपदेशाने हटली असती. तिला आता नियमाचेही बळ मिळाले आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. तेथील विद्यार्थ्याला परदेशी विभागाच्या अध्यापनवेतनावर विसंबावे न लागता संशोधन करता येईल असा मार्ग कोणता, तर प्रामुख्याने हाच. या शिष्यवृत्तीच्या २०२२ मधील नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. या विषयांची साधने आणि तज्ज्ञ भारतातच आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद. रामायण-महाभारतकथांची सोळाव्या शतकातील रोमन लिपीतील कोकणी-मराठी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. 'क्रिस्तपुराणा'ची देवनागरी पोथी लंडनच्या 'सोआस'मधील मार्सडेन संग्रहात आहे. या दोन उदाहरणांपुढे तो युक्तिवाद उभा राहू शकत नाही. या नियमाखाली शेतमजुराचा मुलगा सेर्वांतेसवर प्रबंध लिहू शकतो, स्टीफन्सवर लिहू पाहील तर अडतो. ज्याच्या घरी पैसा आहे, त्यास हा नियम लागूच होत नाही. भारताविषयी परदेशात कोणी बोलावे याची निवड अशा रीतीने वर्गाच्या आधारे होते.

देशी माहितगार म्हणून वापरले जाण्याचा धोका अशा अर्जदारास आहेच. परंतु त्यावरील उपाय घरी बसणे हा नव्हे. मराठीचे ज्ञान 'माहिती' म्हणून न देता पद्धती म्हणून मांडणे, ओवीच्या रचनेवरून आणि बोलीच्या रूपांवरून पोर्तुगीज अभ्यासाच्या गृहीतांनाच प्रश्न विचारणे, हा आहे. तो प्रश्न नेमका असेल तर स्पॅनिशच्या प्रमाणपत्रातील उणीव समितीच्या दृष्टीने भरून काढण्याजोगी ठरू शकते. प्रश्नच नसेल तर उत्तम प्रमाणपत्रही त्यास कोणाची तरी फिकी प्रतिकृती ठरवील.

पगार, चावी, बटाटा, घमेले हे शब्द शेवगावच्या बाजारात रोज उच्चारले जातात आणि ते पोर्तुगीज आहेत हे शालेय पाठ्यपुस्तकही सांगते. मराठी विभागांचे पोर्तुगीजशी नाते मात्र या उसन्या शब्दांच्या यादीपाशी थांबले आहे. एम.ए.च्या स्तरावर पोर्तुगीजची एक ऐच्छिक अभ्यासपत्रिका, गोवा विद्यापीठाच्या पोर्तुगीज विभागाशी आणि पणजीच्या पुराभिलेखागाराशी नियमित संबंध, आणि राज्याच्या 'बार्टी', 'सारथी', 'महाज्योती' यांसारख्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींत भाषा शिकण्याच्या काळास मान्यता : एवढ्या तीन गोष्टी करण्यास क्रांतीची आवश्यकता नाही. त्या होत नाहीत तोवर स्वतःच्या वाङ्मयाचा एक मोठा भाग दुसऱ्यांनी वाचावा आणि आपण त्यांचे निष्कर्ष इंग्रजीतून उद्धृत करावेत, हीच मराठी विभागांची निवड आहे असे समजावे लागेल.