मोईझ आणि सालोमन यांचं दुकान

फ्रान्सचा पहिला पूर्ण बोलपट म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो 'ले त्रुआ मास्क' १९२९चा. तो करणाऱ्या आंद्रे ह्युगों यांनी पुढच्याच वर्षी 'लेव्ही आणि कंपनी' हा विनोदी चित्रपट आणला. मोईझ आणि सालोमन हे लेव्ही घराण्यातले ज्यू व्यापारी त्याचे नायक. शार्ल लामी आणि लेओं बेलिएर यांची ही जोडी प्रेक्षकांना इतकी भावली की १९३६पर्यंत आणखी तीन चित्रपट निघाले. कधी मोठं दुकान, कधी अत्तरांचा धंदा, कधी लेव्हींच्या मुलीचं लग्न. विनोद मात्र जुन्याच साच्यातला : ज्यू म्हणजे दुकान आणि दुकान म्हणजे पैशापैशाचा हिशेब.

ही थट्टा प्रेमळ होती, तिच्यात द्वेष नव्हता, असं सांगून हे चित्रपट बाजूला ठेवले जातात. ते पटण्यासारखं नाही.

मालिकेतला शेवटचा चित्रपट १९३६चा. त्याच वर्षी ६ जूनला, या प्राचीन देशावर पहिल्यांदाच एक ज्यू राज्य करणार, असा टोमणा झाव्हिए व्हाला या खासदाराने भर संसदेत नवे पंतप्रधान लेओं ब्लुम यांना मारला. १९४१मध्ये, जर्मनीपुढे हार पत्करलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने ज्यूंविषयीच्या खात्याचा प्रमुख नेमला, तो हाच व्हाला. त्याआधी सप्टेंबर १९४०मध्येच जर्मनांनी व्याप्त भागातल्या ज्यू दुकानांवर 'ज्यू दुकान' असा फलक फ्रेंच आणि जर्मन भाषेत लावण्याचा हुकूम काढला होता. काही दुकानदारांनी त्या फलकाशेजारी पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढून मिळवलेली पदकं मांडली. काचेआडच्या त्या पदकांमागे जो माणूस उभा होता, त्याला ह्युगों यांच्या विनोदात जागाच नव्हती. छळ या चित्रपटांनी घडवला नाही. पण ज्यू माणूस म्हणजे त्याचा गल्ला, ही समजूत त्यांनी हसत हसत घरोघरी पोचवली.

वेगळं करणं तेव्हाही शक्य होतं. झाँ रेनवार यांच्या 'ला ग्रांद इल्यूजन'मधला (१९३७) रोझेंताल श्रीमंत ज्यू घरातलाच. युद्धकैद्यांच्या छावणीत तो घरून आलेले खाऊचे डबे सगळ्यांना वाटतो. पुढे पळून जाताना त्याचा पाय मुरगळतो, थंडीत उपाशीपोटी सोबत्याशी भांडण पेटतं आणि मला ज्यू कधीच आवडले नाहीत, असं सोबती तोंडावर सांगतो. सोबती त्याला सोडून निघून जातो, आणि परत येतो. एवढ्या एका प्रसंगात पूर्वग्रहही दिसतो आणि माणूसही. रोझेंताल साकारणारा मार्सेल दालिओ स्वतः ज्यू होता. जर्मन सैन्य आल्यावर त्याला देश सोडावा लागला. ज्यू कसा ओळखावा हे दाखवणाऱ्या भित्तिपत्रकांवर नाझींनी त्याचाच चेहरा छापला.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्या रेनवार आवडीने दाखवतात. त्याच कार्यक्रमात ह्युगों यांच्या लेव्हींनाही एक खेळ द्यावा, आणि प्रेक्षक नेमके कशाला हसतात यावर त्यानंतर मोकळी चर्चा ठेवावी.